कृत्रिम शेवाळाचा प्रयोग: गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर तो नीट कसा करावा

प्लॅस्टिकचे शेवाळ बांधायचे, ओहोटीला खडकात ठेवायचे, महिन्याने काढून त्यात किती जीव आले ते मोजायचे. पदवीच्या प्रकल्पासाठी हा प्रयोग सोपा वाटतो, पण तो ठरावीक तीन जागी फसतो. शेवाळ पाण्यात उभेच राहत नाही, तुलनेसाठी काही ठेवलेले नसते आणि झुपका उचलताना त्यातले बरेचसे जीव पाण्यात सांडून जातात. मग हाती येणाऱ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

प्रयोगाचा प्रश्न आधी पक्का करा. सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळाच्या झुपक्यात शेकडो बारीक जीव राहतात. ते तिथे आसऱ्यासाठी येतात की त्या वनस्पतीसाठी, म्हणजे तिचे खाद्य आणि तिच्यातली रसायने यांसाठी? कृत्रिम शेवाळ आकार देते, पण वनस्पतीचे खाद्य आणि रसायने देत नाही. म्हणून वनस्पती असणे-नसणे सोडून बाकी सगळे, आकारही, सारखे राखणे हाच या कामाचा कणा आहे. पुढचा प्रत्येक टप्पा त्यासाठीच आहे.

## १. हंगाम, जागा आणि परवानगी

पावसाळ्यात हे काम करायचे नाही. समुद्र खवळलेला असतो, आणि मांडवी-जुवारीच्या मुखाजवळ पाण्याची क्षारता खूप खाली जाते. पाऊस ओसरल्यावर खडकांवर शेवाळ जोमाने वाढू लागते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा. उन्हाळा सरता सरता डांबराच्या गोळ्या किनाऱ्याला लागू लागतात आणि त्या झुपक्याला चिकटल्या की नमुना वाया जातो.

जागेसाठी हणजूण आणि वागातोरचे खडक, दोनापावला, किंवा काणकोण तालुक्यात काब द रामच्या पायथ्याचा किनारा, यांपैकी तुम्हाला वारंवार जाता येईल तो भाग निवडा. सौंदर्य बघू नका. तिथे सरगॅसम स्वतः उगवते का, एवढेच बघा. जिथे खरे शेवाळ उगवत नाही तिथे खोटे ठेवून काहीच कळत नाही. उल्वाची हिरवी चादर, पदिनाचे पंखे, हिपनियाचे गुंतवळ हे सगळे असेल तर उत्तम, पण तुलना सरगॅसमशीच करायची. उंच, फांद्याफांद्यांचे आणि हवेच्या फुग्यांवर उभे राहणारे असे तेच आहे.

पर्यटकांच्या वाटेवरची जागा टाळा. पायऱ्यांजवळ ठेवलेली कुठलीही विचित्र वस्तू संध्याकाळपर्यंत कोणीतरी उपटतोच. ओहोटीला कालवे आणि शिनाणे काढायला येणाऱ्या बायकांशी, गळ टाकणाऱ्यांशी आधी बोला. काय ठेवतो आहोत, किती दिवस आणि कधी नेणार, हे त्यांना सांगा. कोणता खडक निसरडा आहे आणि कुठल्या घळीत लाट उलटी येते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि ज्यांना विश्वासात घेतले ते तुमचे सामान राखतातही.

महाविद्यालयाचे पत्र घेऊन पंचायतीला आणि तिच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लेखी कळवा. खडकाला भोक पाडायचे नाही, खिळा ठोकायचा नाही.

इशारा: खडकातल्या डबक्यांत प्रवाळाचे तुकडे दिसले तर हात लावू नका, सामान तिथून दूर ठेवा. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

## २. तारीख ओहोटी ठरवते, तुम्ही नाही

मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता समोर ठेवा. गोव्यात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. दोनपैकी एक ओहोटी दुसरीपेक्षा जास्त खाली जाते. तक्त्यात फक्त वेळ बघून निघणारे इथेच चुकतात. उंचीचा रकाना बघा. ओहोटी ०.३ मीटर किंवा त्याखाली असेल, आणि ती उजेडात येत असेल, तोच दिवस कामाचा.

असे दिवस अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, उधाणात येतात. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या ओहोटीला पाणी फारसे उतरत नाही आणि सरगॅसमचा पट्टा उघडाच पडत नाही.

आता महत्त्वाचे: ठेवण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी काढण्याचा दिवस शोधा. एका उधाणाला ठेवले की दुसऱ्या उधाणालाच हात पोचतो, म्हणजे साधारण १५ दिवसांनी किंवा २९-३० दिवसांनी. "तीन आठवडे ठेवू" असे ठरवाल तर तो दिवस भांगात पडतो. हालचाल करणारे जीव नव्या झुपक्यात काही दिवसांतच येऊ लागतात, तरी मी २९-३० दिवसांचाच कालावधी घ्यायला सांगेन. तेवढ्यात प्लॅस्टिकवर जिवाणू आणि सूक्ष्म शैवालांचा थर बसतो आणि रोजची ये-जा थोडी स्थिरावते.

तपासा: दोन्ही तारखांची ओहोटी उजेडात आहे? दोन्हींची उंची जवळपास सारखी आहे? नसेल तर पुढचे उधाण धरा.

## ३. कृत्रिम झुपका बांधणे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

साहित्य निवडताना घनता बघा. हाताशी असते म्हणून मासेमारीची नायलॉनची दोरी किंवा तंगूस वापरतात. नायलॉनची घनता सुमारे १.१४, समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२. म्हणजे नायलॉन बुडते आणि खडकावर आडवे पडून राहते. सरगॅसम हवेच्या फुग्यांमुळे उभे राहते, आणि आसरा असतो तो त्या उभ्या फांद्यांच्या मधल्या जागेत. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९ च्या आसपास आहे, ते तरंगते. खोकी आवळायला वापरतात ती पॅकिंगची पट्टी बहुधा याच प्लॅस्टिकची असते. पण सगळ्या पट्ट्या तशा नसतात. जाड, चकचकीत पट्टी पॉलिस्टरची असू शकते आणि ती बुडते. विकत घेण्यापूर्वी तुकडा बादलीत टाका, बोटांनी चोळून त्यावरचे हवेचे बुडबुडे काढा आणि मग बघा.

दोरी उकलून तंतूंचा झुपका करणे टाळा. दिसायला तो शेवाळासारखा असतो, पण लाटांत त्याचे तंतू तुटून समुद्रात जातात. समुद्राचा अभ्यास करताना त्यातच सूक्ष्म प्लॅस्टिक सोडणे मला मान्य नाही. सुंभ वापरावा असेही सुचवले जाते. सुंभ कुजतो, कुजणारी वस्तू स्वतःच खाद्य होते, आणि मग आकाराचा परिणाम कोणता आणि खाद्याचा कोणता हे वेगळे करता येत नाही.

माप. आधी किनाऱ्यावरच्या दहा-बारा सरगॅसमची उंची मोजा आणि सरासरी काढा. उदाहरणापुरती ती २५ सेंटीमीटर धरू.

१. १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीचे २५ सेंटीमीटरचे १२ तुकडे कापा.
२. प्रत्येक तुकड्याला दोन्ही कडांनी, सेंटीमीटरभर अंतरावर, तिरके कातरे मारा. मध्ये ४ मिलिमीटरचा कणा अखंड राहू द्या. कोमट पाण्यात बुडवून पिळ दिला की कातरलेली पाने बाहेर फिरतात.
३. कापलेली टोके मेणबत्तीवर किंचित वितळवून बंद करा. खोली हवेशीर असू द्या.
४. १५ सेंटीमीटर चौरस कडक प्लॅस्टिक जाळीच्या मध्यावर बाराही तुकडे केबल टायने घट्ट आवळा.
५. जाळी पेव्हर ब्लॉकवर चार कोपऱ्यांत बांधा. टायची शेपटी कापून खिशात घाला, खाली टाकू नका.

एका तुकड्याचा दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग २५ × १.२ × २ = ६० चौरस सेंटीमीटर, बारांचा ७२० चौरस सेंटीमीटर. हा आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागतो. कातऱ्यांच्या कडांमुळे पृष्ठभाग थोडा वाढतो, पण तो सगळ्या झुपक्यांत सारखाच वाढतो.

पेव्हर ब्लॉक जुना घ्या. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाणी अल्कधर्मी होते आणि जीव त्याच्याजवळ फिरकत नाहीत. अंगणात दोन पावसाळे खाल्लेला ब्लॉक सर्वांत चांगला. नवाच घ्यावा लागला तर दोन-तीन आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत, भिजत ठेवा. तयार झुपकेही किमान आठवडाभर समुद्राच्या पाण्यात भिजवा, म्हणजे प्लॅस्टिकवरचे तेल आणि रंग निघून जाईल.

तपासा: तयार झुपका खोल पिंपात ठेवा. पट्ट्या उभ्या राहिल्या पाहिजेत आणि पाणी हलवले की डोलून परत उभ्या झाल्या पाहिजेत.

## ४. तुलनेचे गट

कृत्रिम झुपका एका बाजूला आणि खडकावरचे सरगॅसम दुसऱ्या बाजूला, एवढ्यावरच बहुतेक अहवाल उभे असतात. पण खडकावरचे शेवाळ तिथे कित्येक आठवडे आहे, तुमचा झुपका एका महिन्याचा. एक खडकाला धरून आहे, दुसरा सिमेंटवर. फरक दिसला तरी तो कशामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून चार गट लागतात:

- अ: खडकावर आपोआप वाढलेले सरगॅसम, हात न लावलेले.
- आ: ब्लॉकवरचा कृत्रिम झुपका.
- इ: ब्लॉक आणि नुसती जाळी, झुपका नाही.
- ई: ब्लॉकवर बांधलेले खरे सरगॅसम.

खरी तुलना आ आणि ई यांची. दोघेही एकाच दिवशी, एकसारख्या ब्लॉकवर, रिकामे सुरू होतात. ई साठीचे सरगॅसम ठेवण्याच्या दिवशीच, बुंध्याच्या चकतीसकट सोडवा. त्यातले जीव निघून जावेत म्हणून मिनिटभर गोड्या पाण्यात हलक्या हाताने हलवा आणि लगेच समुद्राच्या पाण्यात घाला. जास्त वेळ ठेवलेत तर शेवाळच मरेल. इ गट वगळायचा मोह होतो, कारण त्यात "काही नसते". ब्लॉकवरच्या नुसत्या जाळीत किती जीव येतात ते वजा केल्याशिवाय झुपक्याचे श्रेय झुपक्याला देता येत नाही.

प्रत्येक गटाचे किमान ५ नमुने घ्या. म्हणजे १५ ब्लॉक आणि खडकावरची ५ शेवाळे. आ आणि ई चे दोन-दोन ब्लॉक जास्तीचे ठेवा, कारण एखादा हमखास वाहून जातो. एकाच ब्लॉकवरून पाच वेळा मोजले तर ते पाच नमुने होत नाहीत, तो एकच नमुना.

## ५. ठेवणे

ओहोटीच्या दीड तास आधी पोचा. पाणी उतरत असताना काम करायचे, चढू लागले की आवरायचे. समुद्राकडे पाठ करून वाकू नका. एकाने काम करावे, दुसऱ्याने फक्त लाटांवर लक्ष ठेवावे. चामड्याच्या किंवा गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. जवळ जीवरक्षक असेल तर त्याला सांगून उतरा.

१. सरगॅसमच्या पट्ट्यात, ओहोटीलाही वीतभर पाणी राहील अशा १९ जागा (१५ ब्लॉक आणि ४ जास्तीचे) खुणा करा. दोन जागांत किमान १ मीटर अंतर.
२. कोणत्या जागी कोणता गट, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. सोप्या जागी कृत्रिम आणि अवघड जागी नैसर्गिक असे नकळत होते, चिठ्ठ्या ते टाळतात.
३. ब्लॉक खडकांच्या सांदीत पाचर मारल्यासारखा बसवा. हाताने जोर लावून हलवा. हलला तर लाट तो नेणारच. जांभ्याचा खडक ठिसूळ असतो, त्याच्या कडेवर भरवसा ठेवू नका.
४. प्रत्येक जागेचा फोटो काढा, मागे ओळखू येईल असा मोठा खडक दिसेल असा. नुसत्या मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. महिन्याने वाळू सरकलेली असते आणि तो काही मीटर चुकतो.
५. पाण्याचे तापमान आणि क्षारता नोंदवा.

मधल्या उधाणाला एकदा फेरी मारा. ब्लॉक आहेत का ते दुरून बघा, उचलून पाहू नका.

## ६. काढणे: आधी पिशवी, मग हात

झुपका पाण्याबाहेर उचलला की त्यातले अँफिपोड (कोळंबीच्या जातकुळीतले बारीक कवचधारी जीव) पावसासारखे खाली गळतात. म्हणून पाण्यातच, झुपक्याला स्पर्श न करता, वरून बारीक जाळीची पिशवी सोडायची. खाली जाळीच्या कडेशी तोंड आवळायचे, मग ब्लॉक आणि जाळी जोडणारे टाय कापायचे आणि जाळीसकट पिशवी उचलायची. खडकावरच्या अ गटालाही हेच, फक्त शेवटी बुंधा पातळ सुरीने सोडवायचा.

पिशवीसाठी २५० मायक्रॉनचे बोल्टिंग कापड (चाळणीसाठीचे बारीक विणीचे कापड) शिवून घ्या, सुमारे ४० × ६० सेंटीमीटर, तोंडाला नाडी. पिशवीची जाळी तुमच्या चाळणीपेक्षा मोठी असता कामा नये. पुढे ५०० मायक्रॉनची चाळणी वापरणार असाल तर २५० ची पिशवी सुरक्षित आहे.

इशारा: पिशवीत शिरण्यापूर्वी झुपका हलवून "पाणी काढून टाकणे" ही सवय इथे घातक आहे.

त्याच ओहोटीत सगळे ब्लॉकही उचला. एकूण पट्ट्या मोजा. ठेवल्या तितक्याच परत आल्या पाहिजेत. वाहून गेलेला ब्लॉक आसपासच्या डबक्यांत शोधा, तो सापडला तरी मोजणीत धरू नका.

## ७. जीव सोडवणे आणि टिकवणे

पिशवी बादलीत उलटी करा आणि मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात १० ते १५ मिनिटे ठेवा. प्रमाण: षट्जल (हेक्साहायड्रेट) मॅग्नेशियम क्लोराइड सुमारे ७५ ग्रॅम, गोडे पाणी १ लिटर. जीव सैल पडतात, पानांना धरून राहत नाहीत. मग झुपका पाण्यात घुसळा आणि ५०० मायक्रॉनच्या चाळणीवर ओता. असे तीनदा, आणि सगळ्या नमुन्यांना तीनदाच. धुवायला घेतलेले समुद्राचे पाणी आधी बारीक जाळीतून गाळून घ्या, नाहीतर त्या पाण्यातले कोपेपोड (पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कवचधारी जीव) तुमच्या मोजणीत शिरतील.

चाळणीवर उरलेले सगळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. ९५ टक्क्यांचे असेल तर ७० मिलिलिटर घेऊन पाण्याने ९५ पर्यंत भरा. ओल्या नमुन्याचे पाणी अल्कोहोल पातळ करते, म्हणून एक दिवसाने ते बदला. फॉर्मॅलिन वापरायचेच असेल तर घोळ ओळखा: बाजारातल्या द्रावणाचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग मिळून "१० टक्के फॉर्मॅलिन" होते, त्यातच फॉर्माल्डिहाइड सुमारे ४ टक्के असते. ४ टक्के हवे म्हणून ते आणखी पातळ केले की नमुना कुजतो. चिमूटभर बोरॅक्स घाला, नाहीतर गोगलगायींचे शंख विरघळू लागतात.

चिठ्ठी पेन्सिलीने, जाड कागदावर, बाटलीच्या आत. बाहेरचे मार्करचे अक्षर अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसले जाते.

शेवाळ टाकू नका. अ आणि ई चे प्रत्येक शेवाळ सारखेच टिपून ओले वजन करा, मग मोजपात्रात बुडवून आकारमान घ्या. आकारमान कृत्रिम झुपक्याचेही घ्या. एक पूर्ण झाड हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी: उथळ ट्रेमध्ये समुद्राच्या पाण्यावर पसरा, खालून जाड कागद सरकवून उचला, वर मलमलचे कापड, त्यावर वर्तमानपत्रे आणि दाब. आपल्या दमट हवेत वर्तमानपत्रे पहिले चार-पाच दिवस रोज बदलावीच लागतात, नाहीतर बुरशी धरते. ही पाने नंतर प्रजाती तपासण्यासाठी लागतात, कारण सरगॅसमची प्रजाती किनाऱ्यावर नजरेने सांगणे धोक्याचे आहे.

## ८. मोजणे

पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे-थोडे ओता. "रोज बेंगाल" नावाच्या रंगद्रव्याने रंगवले तर गुलाबी जीव कचऱ्यातून पटकन उठून दिसतात. भिंगाखाली सुरुवातीला सगळी वळवळ सारखी वाटते. जो बाजूंनी चपटा आहे, वाकलेला आहे आणि ट्रेमध्ये नेहमी कुशीवर पडतो, तो अँफिपोड. वरून चपटा आणि पोटावर सरळ बसणारा आयसोपोड. काडीसारखे बारीक अंग, पुढे मोठे पंजे, आणि अंगाच्या मधल्या भागात पाय जवळजवळ नाहीतच, तो कॅप्रेलिड. यांच्याखेरीज बहुलोमी कृमी, गोगलगायींची पिल्ले, लहान खेकडे भेटतील. तुकडे झाले असतील तर फक्त डोकी मोजा.

प्रजातीपर्यंत जाता आले नाही तरी चालेल, पण गट पक्के हवेत. वीसपैकी दोन-तीन बाटल्या दुसऱ्याने, गटाचे नाव न बघता, पुन्हा मोजाव्यात.

## ९. आकडे मांडणे आणि काय म्हणता येते

आधी आ आणि ई च्या प्रत्येक आकड्यातून इ ची सरासरी वजा करा. मग एका झुपक्यामागे किती जीव आणि १०० मिलिलिटर आकारमानामागे किती, दोन्ही मांडा. कृत्रिम झुपक्यासाठी ७२० चौरस सेंटीमीटरमागेही देता येतात, पण खऱ्या शेवाळाचा पृष्ठभाग तुम्ही मोजलेला नसेल तर त्या मापाने तुलना करू नका.

आ आणि ई मध्ये एखाद्या गटाची संख्या जवळपास सारखी असेल, तर त्या गटाला आकार पुरतो असे म्हणायला आधार आहे. ई मध्ये स्पष्ट जास्त असेल तर वनस्पतीचा वाटा आहे. "प्लॅस्टिकवर खाद्य नव्हते" असे मात्र लिहू नका. महिन्याभरात पट्ट्यांवर सूक्ष्म शैवालांचा थर बसलेला असतो आणि बरेच अँफिपोड तोच खरवडून खातात. पट्टीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्या थराचे वर्णन अहवालात द्या.

अ मध्ये सर्वांत जास्त जीव निघाले तर त्यात वयाचाही भाग आहे हे नमूद करा. आणि अहवालाच्या शीर्षकात "गोव्याचा किनारा" लिहू नका. एका जागी, एका महिन्यात केलेले काम आहे, तेव्हा त्या खडकाचे नाव आणि महिना लिहा.